मानकरीण

दुकानात मावशीला सगळे मानकरीण म्हणायचे. नवख्याला वाटावं, केवढा हा आदर. आदरबिदर काही नव्हता. दुकानाने तिची मान कामाला लावली होती, म्हणून ती मानकरीण. हे नाव ठेवलं आमच्या जुन्या कॅशियरने, आणि त्या माणसाने जन्मात केलेला हा एवढाच विनोद असल्यामुळे कोणी तो त्याच्याकडून हिरावून घेतला नाही.

काम असं होतं. मोत्याला माणसाचं अंग लागतं. सोनं तिजोरीत पडून राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही, पण मोती काचेच्या कपाटात दिव्याखाली नुसता पडून राहिला की सुकतो. त्याचं पाणी उतरतं. अंगावर राहिला, कातडीची ऊब आणि ओल मिळत राहिली, तर तो तजेलदार राहतो. निदान आमचे थोरले मालक असं मानायचे, आणि त्यांनी मानलेलं दुकानात सगळ्यांनी मानायचं असा शिरस्ता होता. मावशी तिथे लागली होती काचा पुसायला. एकदा ती वाकून खालची फळी पुसत असताना थोरल्या मालकांची नजर तिच्या मानेवर गेली. भुवया उंचावायचं कारण नाही. ते कुठल्याही माणसाकडे माळ मांडायची जागा म्हणूनच बघायचे. ते म्हणाले, "तो फडका ठेव खाली. आणि ही घाल."

तेव्हापासून कपाटातल्या माळा पाळीपाळीने तिच्या गळ्यात येऊ लागल्या. दुकान उघडलं की माळ घालायची, दिवसभर ती घालून काउंटरमागे उभं राहायचं, संध्याकाळी काढून मऊ फडक्याने पुसून आडवी ठेवायची आणि मोकळ्या गळ्याने घरी यायचं. गिऱ्हाइकाला मोती मखमलीवर न दिसता जित्याजागत्या मानेवर दिसायचे, हा वरचा फायदा. या मोत्यांपायी मावशीने पावडर सोडली, क्रीम सोडलं, अत्तर तर घरातून हद्दपार केलं. कुठल्या समारंभाला गेलो की सगळ्या बायका घमघमत असायच्या आणि आमची मावशी अंगाला नुसता साबणाचा वास घेऊन त्यांच्यात उभी. पण मान अशी ताठ ठेवायची की त्या घमघमणाऱ्या बायका आपोआप पदर, कॉलर, जे काय असेल ते सावरायच्या.

मी तिची भाची. शिकण्यात माझं डोकं चालेना तेव्हा तिने मला त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत माळा ओवायच्या टेबलाशी चिकटवलं आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यामुळे मी तिला दुकानातही बघितलंय आणि घरातही. दोन्हीकडची मावशी एकच होती, हीच खरी अडचण झाली.

तिची करामत होती निवडीत. एकदा एक जाडजूड बाई नवऱ्याला बरोबर घेऊन आल्या आणि आल्या आल्या सगळ्यात मोठ्या मोत्यांवर बोट ठेवलं. मावशी म्हणाली, "जरा खिडकीशी येता का? दिव्याखाली सगळेच मोती गोरे दिसतात." खिडकीशी नेऊन तिने माळ त्यांच्या जबड्याला टेकवली. मनगटावर कधीच नाही. मनगट खोटं बोलतं म्हणायची.

"हे तुमचे नाहीत," मावशी म्हणाली.

"का? मला परवडायचे नाहीत असं वाटतंय का तुम्हाला?"

"तुम्हाला परवडतील हो. तुमच्या मानेला नाही परवडायचे. मान आणखी आखूड दिसेल."

बाईंचा चेहरा पडला. मी मागच्या खोलीतून जीव मुठीत धरून बघत होते. मावशीने मलईच्या रंगाची, बारीक मोत्यांची, छातीपर्यंत येणारी लांब माळ काढली आणि स्वतः त्यांच्या गळ्यात घातली. बाई आरशासमोरून हलेनात. इतका वेळ घड्याळाकडे बघणारा नवरा बायकोकडे बघायला लागला. निघताना मावशीने त्यांना तिचं नेहमीचं वाक्य ऐकवलं, जे ती प्रत्येक बाईला ऐकवायची: "कपाटात ठेवू नका. भाजी आणायला जाताना घाला, पण घाला. बंद ठेवलेला मोती मरतो, आणि मेलेला मोती परत उजळत नाही."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. लोक जुन्या माळा विकायला किंवा ओवायला घेऊन यायचे. खऱ्याखोट्याची पारख करायची तर मोती दाताला हलकेच घासायचा. खरा मोती करकरतो, बारीक वाळू लागावी तसा. काचेचा मणी गुळगुळीत सरकतो. यात दुकानाचा एक नियम होता: दाताला लावायचा तो कडीजवळचा, टोकाचा मणी. मधल्या मोत्याला दात लावायचा नाही. माळेची सगळी शोभा मध्ये असते, तिथे ओरखडा पडला तर संपलं. टोकाचा मणी मानेमागे केसांखाली जातो, तो चालतो. मावशीच्या हाताला हे इतकं सवयीचं झालं होतं की एकदा काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, शिवणाच्या मशीनवर पडलेलं शिंपल्याचं बटण तिने बोलता बोलता उचललं आणि दाताला लावलं. काकांनी त्यावरून तिची इतकी टर उडवली की पुढे कित्येक दिवस कोणी ताट वाढलं की ते म्हणायचे, "थांबा, आधी हिला दाताला लावून बघू दे."

काका शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान: एक मशीन, एक लांब टेबल, एक उभा आरसा आणि टाचण्या. टाचण्या ते ओठांत धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं फक्त मावशीलाच कळायचं. कोट आणि जाकिटं हा त्यांचा हातखंडा. जाकीट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास पाठ उलटून बघायचं आणि कुरकुरायचं, पुढे एवढं भारी कापड आणि मागे हे चकचकीत हलकं कापड कसं? मग काका टाचण्या काढून ठेवायचे. "अहो, जाकिटाची पाठ अस्तराचीच असते. वरून कोट येतो, पाठ बघतंय कोण? पुढून बघा, पुढून. पुढे मी माझी सगळी इज्जत लावलीय."

रोज संध्याकाळी मावशी दुकानातून आली की ते एकच प्रश्न विचारायचे. "मग? आज कोण गळ्यात पडलं?"

आणि मावशी चपला काढता काढता सांगायची. "गुलाबी झाक होती. दोनपदरी. फार नखरेल, सारखी कॉलरखाली पळायची."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाइकाला पारख होती. बोलली कमी, बघितलं जास्त." किंवा, "गिऱ्हाईक नुसतं आरशासाठी आलं होतं."

त्यांच्यात प्रेमाचं बोलणं असं एवढंच. मूलबाळ नव्हतं, घर लहान होतं, आणि जेवताना दुसऱ्यांच्या मोत्यांच्या गप्पा असायच्या. काका घास हातात धरून ऐकत राहायचे. मलईचा रंग कोणाला, चंदेरी कोणाला, आखूड मानेला काय, हे सगळं ते ऐकायचे. आम्हाला वाटायचं, बायकोचं मन राखतायत. ते शिकत होते, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही.

त्या वर्षी थंडी कडक होती आणि काका भल्या पहाटे उठून मशीनवर बसायचे. कोटांची कामं फार आलीत म्हणायचे. दर थोड्या दिवसांनी बटणं आणायला म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे. बटणं कोपऱ्यावरही मिळत होती. मावशीने त्यावरून एकदा टोमणाही मारला, "बटणवाली देखणी आहे वाटतं." काका टाचण्यांतून हसले.

मग त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आला. मावशी घरी आली, चपला काढल्या, तर प्रश्नच नाही. काकांनी हात धुतले होते, केस नीट बसवले होते. त्यांनी टेबलावर एक चपटी डबी ठेवली. मी तिथेच बाजूला बसले होते. मावशीने डबी उघडली. आत मलईच्या रंगाची एकपदरी माळ होती.

"पुढून बघ," काका म्हणाले, आणि उभ्या आरशाकडे हात केला.

मावशीने माळ उचलली ती दुकानात उचलतात तशी, कडीला धरून. आणि तोंडातून शब्द निघायच्या आत तिचा हात वर गेला आणि टोकाचा मणी दाताला लागला. तिने मुद्दाम केलं नाही. शिंक यावी तसं ते झालं. मणी सरकला. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, काच. काकांना चेहरा बघायची गरजच पडली नाही. त्या हाताचा अर्थ त्यांना पाठ होता. त्यावर त्यांनीच इतके विनोद केले होते.

"छान आहे," मावशी माळ नीट न बघताच डबीत ठेवत म्हणाली.

"पुढून बघ ना," काका पुन्हा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"बघितलं. छानच आहे हो." आणि मग तिने, माझ्या मावशीने, दुकानातल्या आवाजात विचारलं, "पावती आहे का?"

तिच्या मनात काय होतं ते मी शपथेवर सांगते. तिला वाटलं, या साध्या माणसाला कोणीतरी गंडवलं. पहाटे उठून शिवलेल्या कोटांच्या कमाईवर कोणा भामट्याने डल्ला मारला. उद्या पावती घेऊन जायचं आणि त्या भामट्याची सालटी काढायची. यात नवऱ्याला हिणवण्याचा विचार तिला शिवलाही नव्हता. पण काकांनी बायकोचा प्रश्न ऐकलाच नाही, त्यांनी ऐकला काउंटरवरचा प्रश्न. ते आरशाकडे बघत म्हणाले, "असेल कुठेतरी. राहू दे." जेवताना त्यांनी दोऱ्याचे भाव वाढल्याचं सांगितलं.

नंतर भांडी विसळताना मावशी माझ्या कानात कुजबुजली. "फसवलंय गं त्यांना. काचेची आहे. त्यांना मात्र कळू द्यायचं नाही हं. जिवाला लावून घेतील."

आता बघा. ती माळ दुकानात घालून जावी, तर तिथे सगळे मोत्यातले. लांबूनच काच ओळखतील आणि काकांच्या नावाने हसतील, ते तिला नको होतं. घरात घालावी, तर रोज त्यांच्यासमोर खोटं वागल्यासारखं व्हायचं, आणि खोटं वागणं तिला कधी जमलं नाही. म्हणून ती काकांना म्हणाली, "चांगल्या प्रसंगाला घालीन." काका म्हणाले, "तुझ्या सवडीने." तिने ती डबी लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत, तळाशी, डांबराच्या गोळ्यांमध्ये ठेवून दिली. खरा मोती तिने डांबराच्या गोळीच्या आसपास फिरकू दिला नसता. पण काचेला काय होतंय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, चपला काढायला वेळ लावला. काका मान मोडून काज करत होते. "दमलीस?" म्हणाले. बस. आज कोण गळ्यात पडलं, हे त्या घरात पुन्हा कोणी विचारलं नाही.

मला दोघांचाही राग येतो, आजही येतो. भांडले असते तर एका संध्याकाळीत मिटलं असतं. पण ही दोन माणसं एकमेकांना इतकी जपायची की त्या जपण्यात तोंडाला कुलूप लागलं. तिला वाटायचं, फसल्याची त्यांना लाज वाटतेय, विषय नको. त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण एवढं मी बघितलं की नंतर त्यांनी तिच्यासाठी काही आणलं तर ते फळ नाहीतर औषध असायचं. ज्याची पारख करावी लागणार नाही असं काहीतरी.

बाकी संसार चांगला चालला. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण चालला. मी पुढे माझ्या घरी राहायला गेले, थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा, धाकटे मालक, गादीवर बसले. काकांचे डोळे अधू झाले, मग छाती. शेवटचे काही आठवडे ते इस्पितळात होते. मावशी दुकानातून थेट तिकडे जायची, मोकळ्या गळ्याने. एकदा मी तिथे होते. काकांनी हात उचलला, तिच्या गळ्याशी नेला आणि दुमडलेली कॉलर सरळ केली. शिंप्याचा हात, दुसरं काय करणार? मावशी काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेले मी पाहिले. तेवढ्यात नर्स आली आणि मग काकांना झोप लागली.

ते गेल्यावर मावशीने बाकी कशाचा त्रागा केला नाही. एकच गोष्ट तिला खात राहिली. मी गेले की चहा पुढ्यात ठेवायची आणि सुरू व्हायची. "एकदा घातली असती तर काय बिघडलं असतं गं? काच तर काच. त्यांच्या डोळ्यांदेखत एकदा घातली असती. मान झडली असती का माझी?" मी म्हणायचे, आता घाल. ती म्हणायची, "आता कोणाला दाखवू?" ट्रंक उघडायची तिची हिंमत होत नव्हती. हिवाळ्यात जुन्या शालींवर भागवायची.

मग तिची निवृत्ती ठरली. धाकटे मालक माणूस चांगला. त्यांनी सगळ्यांसमोर कपाटं उघडायला लावली आणि म्हणाले, "मावशी, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी निवडलंत. आता यातली तुम्हाला हवी ती एक तुमची. शेवटच्या दिवशी घालून या." दुकानात पैजा लागल्या. मावशी कपाटांसमोरून चालत गेली. सगळ्या माळा तिच्या गळ्यात राहून गेलेल्या. कुठली कशी बसते, कुठल्या माळेचा कुठला मोती जरा हिरमुसलेला आहे, हे ती डोळे मिटून सांगेल. शेवटच्या कपाटापाशी थांबून ती म्हणाली, "नको. माझी स्वतःची एक आहे. काचेची आहे, आमच्या ह्यांनी दिलेली. शेवटच्या दिवशी मी ती घालीन. कोणाला हसायचं असेल त्याने हसून घ्यावं."

कोणी हसलं नाही. हे धाडस तिने किती उशिरा केलं होतं ते फक्त मला माहीत होतं.

दोरा कुजला असणार, नव्याने ओवावी लागणार, म्हणून तिने मला सुट्टीच्या दिवशी दुपारी बोलावलं. ट्रंक काकांच्या खोलीत होती. मशीनवर चादर टाकलेली. आम्ही स्वेटर उपसले, शाली उपसल्या. गोळ्यांच्या वासाने मला शिंका आल्या. मावशीने डबी काढली, खिडकीशी नेली आणि उघडली.

कडीजवळचे मणी नव्यासारखे लखलखत होते. पण पुढचे, माळेच्या मधले, पिवळे पडले होते. निस्तेज, कोरडे, एकदोघांवर बारीक तडे. मला आधी वाटलं, काय भिकार काच, निम्मीचा मुलामा उडाला. मी तसं म्हणणारही होते. मावशीकडे पाहिलं आणि जीभ आवरली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"काच मरत नाही," ती हळूच म्हणाली.

मग तिने ते केलं जे दुकानात तिने कोणाला करू दिलं नव्हतं. माळेच्या बरोबर मधला मोती उचलला आणि दाताला लावला. खोलीत इतकी शांतता होती की मलाही ऐकू आलं. करकरला.

तिने शेजारचा लावला. त्याच्या शेजारचा. मी माळ तिच्या हातातून घेतली आणि माझ्या टेबलावर बघते तसं एकेक मणी बघितला. दोन्ही टोकांना, मानेमागे केसांखाली जातील तेवढे, काचेचे. पुढे दिसतील ते सगळे खरे. जमतील तेवढे खरे घेतले होते आणि जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे काच लावली होती. कोणी फसवलं नव्हतं. त्यांनी माळ शिवली होती, जाकीट शिवतात तशी.

"पुढून बघ म्हणाले होते," मावशी म्हणाली. "दोनदा म्हणाले."

तिने माळ माझ्या हातातून परत घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"आणि निवड बघ. मेळ बघ कसा जमवलाय. एकाच अंगाचे, एकाच रंगाचे. माझ्या रंगाला गुलाबी झाक चालत नाही, मलईच लागते. हे मी कधीतरी जेवताना बोलले असेन. त्यासाठी एवढ्या लांब जात होते, बटणं म्हणून." ती ट्रंकेच्या कडेवर बसली. "साऱ्या जगाच्या बायकांना मी निवडून दिले. मला निवडून देणारा एकच माणूस होता, आणि मी त्याच्याकडे पावती मागितली."

मग ती रडली. काका गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. स्वेटरात तोंड खुपसून हुंदके देत राहिली, आणि मधूनच म्हणायची, "मीच मारले गं. गोळ्यांत घालून मारले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बिचारे मोती. ती मोत्यांबद्दलच बोलत होती असं मी स्वतःला बजावलं.

चहा झाल्यावर मी म्हटलं, काचेचे मणी गाळून माळ जरा आखूड ओवते, सगळी खऱ्या मोत्यांची होईल. तिने डोळे पुसले आणि मला असं झापलं की मी सतरा वर्षांची असल्यासारखं वाटलं. "एकही मणी गाळायचा नाही. ज्या जागी जो आहे तिथेच ओवायचा." मी तशीच ओवली. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारली, आणि तडे गेलेल्या मोत्यांपाशी हात जरा हलका ठेवला.

शेवटच्या दिवशी ती ती माळ घालून आली. काळा, साधा पोशाख, उघडा गळा आणि त्यावर ते पिवळट मोती. आजूबाजूच्या कपाटांतून ताजे मोती चमकत होते. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. गळ्यातली माळ सरकून कडी पुढे आली होती, म्हणून धाकटे मालक ती मागे करायला तिच्या मागे गेले. बापाचाच मुलगा, नजर टोकाच्या मण्यावर गेलीच.

"मावशी, हे मागचे मणी काचेचे आहेत," ते हळूच म्हणाले.

"अस्तर आहे ते," मावशी म्हणाली. "पुढून बघा."

ते पुढे आले. वाकून बघितलं. त्यांना कळलं, मोत्यातल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. "खरे आहेत," ते म्हणाले. मग जरा चाचरत, "फार वर्षं बंद होते का?"

"हो. मीच बंद ठेवले."

"पुढचे बदलून देऊ का? याच मापाचे, याच रंगाचे काढतो. अगदी जसेच्या तसे."

"तुमचे चांगलेच असणार," मावशी म्हणाली. "पण ते माझ्यासाठी निवडलेले नाहीत."

आता ती रोज घालते. भाजी आणायला जाताना घालते, गच्चीवर कपडे वाळत घालताना घालते, डॉक्टरकडे जाताना घालते. कपडे घालून झाल्यावर सगळ्यात शेवटी घालायची, घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायची, मऊ फडक्याने पुसायची. सगळे नियम पाळते. सुट्टीच्या दिवशी मी गेले की खिडकीशी उभी राहते आणि विचारते, "उजळलेत का गं जरासे?"

मेलेला मोती उजळत नाही. हे तिने मला शिकवलंय. मी वाकून बघते, म्हणते, "थोडेसे." थापा मारतेय हे तिला कळतं, आणि ती माझ्या तोंडावर तसं म्हणत नाही. एरवी तिने मला सोडलं नसतं.

परवा ती भाजी घेऊन आली. मी काकांच्या मशीनशी बसले होते. तिने चपला काढल्या, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मग? आज कोण गळ्यात पडलं?"

मावशी तशीच उभी राहिली, एक हात भिंतीला टेकवून. मला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. पण तिने सावकाश सांगितलं, जसं ती पूर्वी सांगायची तसं. "मलईच्या रंगाची. एकपदरी. स्वभावाने साधी, कधी कॉलरखाली पळाली नाही."

"आणि गिऱ्हाईक?"

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली.

"गिऱ्हाइकाला पारख नव्हती," ती म्हणाली.